अज्ञात स्रोत

शनिवार. कोर्टाला सुट्टी. डिचोलीच्या ऑफिसात
पंख्याखाली अर्ज चाळत बसले होते,
तेव्हा तुळशीदास मळीक आले.
काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
हातात फोन, काच तडकलेली.
"वकीलबाय, एक कागद करून दी. शिक्क्याचा.
की हांव चोर न्हय."

चौऱ्याण्णव सालात बसस्टँडमागे त्यांचं पार्लर होतं.
चार टीव्ही, दोन बाकडी, रुपयाला दहा मिनिटं.
खाणीवरून उतरलेले ट्रकवाले, क्लीनर
मातीच्या बोटांनी बटणं बडवत,
आणि रात्री हे एकेक बटण पुसत बसत;
फडकं चिऱ्यासारखं लाल होई.
आता तेच खेळ फोनात आहेत. चारशे.
नातवानं कुठूनसे उतरवले.
पण बोर्डेच्या तिठ्यावर कोणी सांगितलं म्हणे,
पोलीस धरतात.

मी म्हटलं, मळीकबाब, दोन गोष्टी आहेत, वेगळ्या करू.
मुंडकारपणाच्या केसमध्ये तुमचा तो पोर्तुगीज दस्त
वाचायला म्हापशाहून कायतान आणला होता, आठवतं?
फोनातला एम्युलेटर म्हणजे तसा कायतान.
मेलेल्या यंत्राची भाषा त्याला येते,
तुमच्या फोनाला तो ती सांगतो.
दुभाष्याला कोणी अटक करत नाही.
विचारतात ते दस्ताचं:
हा तुमच्याकडे आला कुठून?

ते हसले. एवढंच ना, असं.
डबा उघडला, तांदळात हात घातला,
(दमटपणा लागू नये म्हणून तांदूळ)
आणि पिवळी कॅसेट काढून टेबलावर ठेवली:
नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ एकात.
"म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात.
एकशे ऐंशी. मोजून दिले."

कलम बावन्न मला पाठ आहे.
वस्तू कायदेशीर हाती असेल
तर जपणुकीसाठी तिची प्रत काढता येते.
कॅसेट उलटी केली.
कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं.

मळीकबाब, ही मुळातच नक्कल आहे.

बराच वेळ पंखाच बोलत होता.
मग ते म्हणाले, "म्हणजे तेव्हापासूनच."
प्रश्न नव्हता तो.
थोड्या वेळानं: "पण ती कंपनीच बंद पडली गो.
मालकच नाही, तर चोरलं कुणाचं?"

भाटकार लिस्बनला निघून गेला
म्हणून त्याचे माड आपले होत नाहीत, मी म्हटलं.
मालक मेल्यावरही साठ वर्षं हक्क चालतो,
आणि कंपन्या तर मेल्या तरी
कुणाच्या तरी कपाटात शिल्लक असतात.
मुंडकाराला निदान घरापुरता कायदा आहे.
खेळणाऱ्याला तेवढाही नाही.
विकू नका. तीस-चाळीस रुपये घेऊन
लोकांच्या फोनात भरून तर देऊच नका.
बाकी, घरात बसून नातवाबरोबर…
हे वाक्य मी वकील म्हणून पुरं केलं नाही.

आणखी एक सांगितलं नाही.
शिकवणीच्या वाटेवर दप्तर बाकड्याखाली सारून
मीही खेळले आहे तिथे.
मुलगी म्हणून मला कोपऱ्यातला टीव्ही असे,
आणि दहा मिनिटं झाली
की ह्यांचं लक्ष नेमकं घड्याळावरून उडे.
ती वरची मिनिटं
कोणाच्या मालकीची, मी आजवर शोधलेलं नाही.

कागद केला नाही. फी घेतली नाही.
दाराशी पोचल्यावर ते वळले,
फोनावर काहीतरी दाबलं.
"तुला धाडलाय. रणगाड्यांचा.
बाराव्या पातळीवर मरत होतीस तू, दर खेपेला."

माझा फोन थरथरला.
अज्ञात स्रोत, त्यानं लिहिलं आहे.
परवानगी द्यायची?

अज्ञात कसला.
बसस्टँडमागे, भिंतीकडून दुसरा टीव्ही, बटण जरा अडकायचं.

शिक्क्याचा पॅड उघडाच आहे, शाई सुकत चाललीय,
आणि माझा अंगठा
अजून काचेच्या वर आहे.